हँडलची थरथर

मोटरसायकलचं पुढचं चाक जॅकवर उचलून त्याने हँडल एका बोटाने ढकललं. मधोमध येताच ते खट्कन अडकलं. त्याने पुन्हा ढकललं. पुन्हा तिथेच अडकलं.

"सापडलं," तो म्हणाला. "हँडलचं बेअरिंग गेलंय."

बायको गॅरेजच्या दारात हात शालीत गुंडाळून उभी होती. "बरं झालं," एवढंच म्हणून ती आत गेली.

मागच्या सहलीत, डोंगर उतरताना, ऐन वळणावर हँडल थरथरायला लागलं आणि गाडी कठड्याला घासत जाऊन थांबली. खरचटण्यावर निभावलं, पण तेव्हापासून घरात काहीतरी बिनसलं होतं. मुलाने फोनवर सरळ सांगितलं, की बाबा, वय झालं, आता गाडी विका. मुलाचं बोलणं त्याने कानाआड केलं. पण बायकोही शांतपणे "विकून टाकू या" म्हणाली, ते मात्र जिव्हारी लागलं.

लग्न झाल्यापासून दोघं जोडीनेच भटकली होती. समुद्र काय, डोंगर काय, तिने सगळं त्याच्या खांद्यांवर हात ठेवून मागच्या सीटवरून पाहिलं होतं. एकट्याने गाडी काढायची वेळ त्याच्यावर क्वचितच यायची. कामाला तो चालत जायचा. त्याचं काम कवळ्या बनवण्याचं. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आपल्या हातचं आहे, असं तो गमतीने म्हणायचा. त्या अपघातानंतर मात्र त्याने गुपचूप आरशासमोर हात पसरून पाहिले होते. बोटं जरासुद्धा थरथरली नव्हती. तरी मनातली पाल चुकचुकायची थांबली नव्हती.

म्हणून आता बेअरिंगच खराब निघालं, तेव्हा त्याला हायसं वाटलं. दोष गाडीचा होता.

त्याने चाक काढलं, हँडल सोडवून टाकीवर जुन्या चादरीत ठेवलं, पुढचे दोन्ही दांडे उतरवले. बेअरिंगच्या आतल्या पोलादी वाट्या काही केल्या निघेनात. लांब सळई लावून हातोडीने ठोकता ठोकता घाम निघाला, तेव्हा कुठे त्या खाली पडल्या. आत रोलरचे व्रण उमटले होते. ते दाखवायला त्याने बायकोला हाक मारली. तिने वाकून पाहिलं, पण वाटी हातात काही घेतली नाही.

नव्या वाट्या त्याने गारठून किंचित आकसाव्यात म्हणून फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवल्या होत्या. त्या आणायला सांगितल्यावर ती त्या बर्फाच्या ट्रेवर ठेवून अख्खा ट्रे पोटाशी धरून, पाऊल जपून टाकत आली.

"दोन वाट्या आणि एवढी मिरवणूक?" तो हसला. ती हसली नाही.

नंतर तिने चहा आणला, तोही अर्धाच कप. अजून राग गेला नाही तर, त्याने मनाशी म्हटलं आणि निमूटपणे ग्रीस भरायला घेतलं. शेवटचा नट त्याने जरा आवळून, जरा ढिला करून, पुन्हा आवळून बसवला. हँडल आता सोडलं की आपसूक एका बाजूला कलत होतं. कुठे अडकत नव्हतं.

तो एकटाच चक्कर मारून आला. गाडी सुतासारखी सरळ धावली. खड्ड्यातही हँडल हललं नाही. परतला तेव्हा त्याचा चेहरा पोरासारखा उजळला होता.

"चल, बस."

"तुम्हीच जात जा ना आता," ती म्हणाली. "मित्रांबरोबर जा. लांब जा. मी घरी बरी."

"माझ्यावर विश्वास नाही उरला?"

"तसं नाही हो."

"मग बस."

तिने शाल घट्ट लपेटली आणि मागे बसली. गल्ली संपली, रस्ता मोकळा झाला. त्याने वेग वाढवला तशी तिने शालीतून हात काढून त्याचे खांदे धरले. थोड्याच वेळात हँडल थरथरू लागलं. तशीच ती थरथर, वळणावरची. त्याने मूठ आवळली, ढिली केली, वेग कमी केला. काही फरक पडेना. नवं बेअरिंग स्वतःच्या हाताने बसवलं होतं, आत्ताच पारखलं होतं. म्हणजे आरशाने फसवलं होतं.

त्याने गाडी रस्त्याकडेच्या झाडाखाली घेतली, किल्ली फिरवली आणि दोन्ही हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवले.

"तुम्हा दोघांचंच खरं," तो म्हणाला. "विकू या. दोष माझ्या हातांतच आहे."

तिने त्याचे खांदे सोडले नाहीत. इंजिन बंद होतं, त्याचे हात मांडीवर दगडासारखे स्थिर होते, आणि थरथर त्याच्या दोन्ही खांद्यांवर तशीच चालू होती.