खाडा

हौसामावशींनी कणीक मळता मळता विषय काढला. "वहिनी, माझी तारीख आली. सोळा."

मृणालवहिनी ओट्याशी उभं राहून सकाळची निळी गोळी घेत होत्या. "याच महिन्याची?"

"हो. काल दवाखान्यात बोट टोचलं, तर मशीननं कागदच हातात दिला."

हृदय कोणत्या दिवशी बंद पडणार, हे आता थेंबभर रक्तावरून कळायचं आणि कधी चुकायचं नाही. तपासणी सगळ्यांना फुकट होती. गोळी फुकट नव्हती. रोज गोळी घेणाऱ्यांची तारीख पुढे सरकायची. वहिनींची मागच्याच महिन्यात एकोणीस वर्षं पुढे गेली, म्हणून त्यांनी सोसायटीत पेढे वाटले होते. ते वळले होते मावशींनीच.

वहिनींच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "काही लागलं तर सांगा हं, अगदी मोकळेपणानं." मग त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. "अगंबाई, सोळाला तर ह्यांची साठी! चाळीस पानं आहेत."

"पुरण पंधरालाच शिजवून ठेवते," मावशी बोलून गेल्या. "फ्रिजमध्ये टिकतं."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. कॅलेंडरला लटकवलेल्या लाल पेनानं त्यांनी सवयीप्रमाणे सोळाच्या चौकोनात लिहिलं, 'मावशी खाडा'.

"आणि सतरापासून कोण?"

मावशींचे हात परातीत थांबले. "माझी लेक येईल."

"चालेल की. पण आधी तिची तारीख बघून घ्या हं. सारखी बाई बदलायला मला नाही जमत."