मंगळवारची जोडी

“भोक लहान पडत असेल का हो, बाई?” घड्याळकाकांनी विचारलं.

पाखरंवालीनं दुकानातल्या तसल्याच घरट्याच्या लाकडी खोक्याच्या भोकात दोन बोटं घातली आणि विचारात पडल्यासारखं केलं. “पडत असेल. माद्या नखरेल असतात. हे मोठ्या भोकाचं न्या. आणि उंच टांगा. बजरीगर पाखरांना तळाशी संसार थाटायला आवडत नाही.”

“आमच्या मुलाचंही तेच. सातव्या मजल्याखालचं घर बघायलाच तयार नव्हता.”

दोघं हसली. तिनं नवं खोकं कागदात गुंडाळलं, सुतळी आवळली आणि आपली ती दुहेरी गाठ मारली. कात्रीशिवाय ती गाठ कुणाच्या बापाला सुटत नसे.

“अंडं उकडून, कुस्करून घालताय ना? बारा तास उजेड? चोच घासायला समुद्रफेस?”

“सगळं तुम्ही सांगितलं तस्सं. नर भरवतोय हो तिला, चोचीत चोच घालून.”

पाखरंवाली सुतळीचं रीळ उगाच नीट करत बसली. भरवत असणारच. नर नरालाही भरवतो.

दोन वर्षांपूर्वी काका नातीचं बोट धरून दुकानात आले होते. एका घाण्यातून काढल्यासारखी तीन हिरवी पिल्लं तेव्हा उरली होती. दोन नर, एक मादी. नात एकसारखी चिवचिवत होती, पाखरांपेक्षा जास्त. त्या गडबडीत पाखरंवालीचा हात पिंजऱ्यात गेला आणि जे हाताला लागलं ते तिनं ‘जोडी’ म्हणून दिलं. सहा महिन्यांनी दुकानात मागे राहिलेल्या ‘नरा’नं अंडं घातलं. तीस वर्षांच्या धंद्यात अशी फजिती पहिलीच.

काका दुसऱ्याच दिवशी आले. ती चूक सांगणार, तेवढ्यात तेच म्हणाले, “पाखरांना पिल्लं व्हावीत म्हणून काय करतात, बाई?”

“नात मागे लागली असेल.”

“ती लांब गेली. मुलाची बदली झाली.”

“मग पाखरांचाच आधार म्हणायचा.”

“हं,” काका म्हणाले आणि स्टुलावर बसले.

स्टुलावर माणूस बसण्याची दुकानाला सवय नव्हती. गिऱ्हाईक उभ्याउभ्या येई, उभ्याउभ्या जाई. दिवसभर शंभर चोची बोलत, पण ‘जेवलात का’ एकही विचारत नसे. काकांनी विचारलं. तिच्या जिभेवर आलेली कबुली तिथंच विरली. म्हणाली, “आधी खोकं लागेल.”

तेव्हापासून दर मंगळवारी काका येत, आणि ती नवा उपाय शोधून ठेवी. हे लाकूड नको, ते घ्या. पिंजरा खिडकीपासून हलवा. खरं सांगितलं असतं तर मादी बदलून देऊन काम चार दिवसांत झालं असतं आणि मंगळवार संपला असता.

माणसं पारखण्यात ती पाखरं पारखण्याइतकीच तयार होती. काकांच्याही दोन गोष्टी तिनं केव्हाच हेरल्या होत्या. एक, त्यांच्या स्वेटरवर कधी पीस नाही की दाण्याचं टरफल नाही. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, टापटिपीचाच असायचा. दुसरी, दाणे ते तिच्याकडून कधीच नेत नसत. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून स्वस्तातले नेत असणार! इतर सामान मात्र ती म्हणेल ते घेत, त्यामुळे तिनं तेवढं पोटात घातलं.

मग एक मंगळवार काका आले नाहीत. दुसराही कोरडा गेला. तिनं चहा दोन कप केला आणि दोन्ही स्वतःच प्यायली.

कळलं असणार. कुणीतरी पाहुणा आला असेल, चोचीवरच्या नाकपट्टीचा रंग बघून म्हणाला असेल, काका, तुम्हाला बनवलं, दोन्ही नर आहेत. आता ते कशाला येतात!

तिनं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. काकांनीच दुरुस्त केलेलं. पाठीमागे त्यांच्या रिवाजाप्रमाणे तारीख आणि पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली. मग तिनं मागे राहिलेल्या त्या मादीला भोकं पाडलेल्या डब्यात घातलं आणि दुकान बंद केलं. भर दुपारी, मंगळवारी.

काकांनी दार अर्धवटच उघडलं. गळ्याला मफलर, नाक लाल.

“बाई? तुम्ही कशाला... सर्दी होती नुसती. येणारच होतो.”

“मला बोलू द्या, काका. नाहीतर परत धीर व्हायचा नाही.” तिनं डबा पुढे धरला. “तुमची जोडी जोडीच नाही. दोन्ही नर आहेत. मला दीड वर्ष ठाऊक आहे. तुम्ही यायचे थांबाल म्हणून बोलले नाही. ही घ्या खरी मादी. आणि काय शिव्या द्यायच्या त्या द्या.”

काकांनी शिव्या दिल्या नाहीत. ते डब्याकडे बघत राहिले. भोकातून एक हिरवं पीस बाहेर आलं होतं.

“दोन्ही नर,” ते हळूच म्हणाले. “असं होय.”

“पिंजरा कुठाय? मीच सोडते तिला. पहिल्या दिवशी भांडतील, घाबरू नका.”

काका दारातून बाजूला झाले. ती आत गेली. घड्याळांची टिकटिक तेवढी चालू होती.

“पिंजरा नातीकडे आहे, बाई,” काका तिच्या पाठीमागून म्हणाले. “बदलीच्या सामानाबरोबर पाखरंही गेली. दीड वर्ष होऊन गेलं.”

कपाटावर ओळीनं पाच खोकी मांडलेली होती, तिच्याच दुकानाच्या कागदात, आणि पाचांवरही तिच्या हातची दुहेरी गाठ जशीच्या तशी होती.