खांद्यापर्यंतचं मत

आरोग्य केंद्राच्या समितीवर गावातला एक माणूस निवडायचा, म्हणून केंद्राच्या पटांगणात ग्रामसभा भरली. उभे दोघेच होते, पोल्ट्रीवाले भागवतराव आणि द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या तान्हुबाई.

भागवतरावांनी केंद्राला कमान बांधून द्यायचं कबूल केलं, वर सगळ्यांना चहा पाजला. तान्हुबाई एवढंच म्हणाल्या, "आठवड्यातनं एकदा हाडांचा डॉक्टर आणीन." बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही मांडीवरच.

मागच्या सभेत डोकं खाजवणाऱ्याचंही मत मोजलं गेलं होतं, म्हणून ग्रामसेवकांनी आधीच बजावलं, "हात ताठ डोक्याच्या वर गेला तरच मत धरणार."

भागवतरावांचं नाव घेताच कप धरलेले हातसुद्धा ताठ वर गेले. मग तान्हुबाईंची पाळी आली. द्राक्षाच्या मांडवाखाली जन्मभर हात वर करून घडांतले जादा मणी विरळलेल्या त्या बायका. कुणाचा हात पदरातून जेमतेम बाहेर आला, कुणाचा खांद्याशीच अडकला. एकीनं डाव्या हातानं उजवा ढकलूनही पाहिला.

"भागवतराव निवडून आले," ग्रामसेवक म्हणाले.

केंद्रात नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांनी पुढच्या रांगेतल्या म्हातारीला हळूच विचारलं, "मावशी, हात पूर्ण वर का नाही केला?"

म्हातारीला त्यांची कीव आली.

"तो वर जात असता, तर तान्हीला उभं कशाला केलं असतं, बाई?"