विनाअपघात शंभर वर्षं

"सर, एकच ओळ घाला," कौतिकाबाई म्हणाल्या. "आमचे हे इथंच गँगमन होते. स्टेशनापुढच्या वळणावर रुळाचे बोल्ट आवळताना गाडीखाली गेले."

स्टेशनच्या शताब्दीची स्मरणिका छपाईला निघाली होती. मुखपृष्ठावर मथळा होता, 'विनाअपघात शंभर वर्षं'. त्याबद्दल ढाल द्यायला मोठे साहेब येणार होते. संपादक वाणी सर पेचात पडले. त्यांनी शेजारी बसलेल्या स्टेशनमास्तरांकडे पाहिलं.

मास्तर समजुतीनं म्हणाले, "मावशी, अपघात म्हणजे गाडीला झालेला. त्या दिवशी गाडीला खरचटलंसुद्धा नव्हतं."

"मग अपघात नका म्हणू. नाव तरी घाला. सुकदेव हिलाल." लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी पहिल्यांदाच नवऱ्याचं नाव घेतलं होतं.

"नावांना जागा कुठाय, मावशी? बारा पानं साहेबांच्या शुभसंदेशांनीच भरलीत. पण बघतो, त्या दिवसाचं काहीतरी बसवतो."

मास्तरांनी शब्द पाळला. सोहळ्यात ढाल देऊन झाल्यावर वाणी सर स्मरणिका घेऊन कौतिकाबाईंपाशी आले. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून सरांनीच वाचून दाखवलं. शेवटच्या पानावर, गाड्यांना झालेल्या उशिरांच्या यादीत, ओळ होती: '१४ जुलै १९८३. सकाळची पॅसेंजर अकरा मिनिटं उशिरा सुटली. कारण, रुळावर अडथळा.'

कौतिकाबाईंनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

"अकराच मिनिटं?" त्या म्हणाल्या. "मला सांगायला माणूस तिन्हीसांजेला आला होता."