कुणाची गं तू

"रविवारी तुझ्याकडून कोण येणार?" कोलार्डच्या भाजीची पानं नळाखाली धुता धुता रोशेलने विचारलं.

कोरीन बटाटे सोलत होती. "डॅडी येतील," ती म्हणाली.

रोशेलने नळ बंद केला. "डॅडी? आई नाही?"

"आईला लांब पडतं."

"बरं." रोशेलने पानं झटकली. "बघू तरी."

महिन्याच्या पहिल्या रविवारी लॅथम हाऊसमध्ये घरच्या माणसांचं जेवण असे. काळ्या विद्यार्थ्यांसाठी राखलेलं कॉलेजातलं ते एकच घर. खोल्या थोड्या, मागणारे फार. कुणाला ठेवायचं ते घरातली मुलंच ठरवत. कोरीनला खोली मिळाली ती अर्ज वाचून, तिला न पाहताच. नंतर ती दारात येऊन उभी राहिली, गोरीपान, करड्या डोळ्यांची, शेजारी पिवळ्या केसांची आई. मुलांनी तिचं सामान वर नेऊन दिलं, पाणी विचारलं, आणि त्यानंतर तिच्याशी कुणी फारसं बोललं नाही.

आता सोमवारी बैठक होती. मोठ्या वसतिगृहातल्या डेनीस नावाच्या मुलीला तिथे राहणं असह्य झालं होतं. तिला इथे खोली हवी होती. "ज्याला गरज आहे त्यालाच खोली मिळावी," असं रोशेल सगळ्यांसमोर म्हणाली होती. तेव्हा तिने कोरीनकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

कोरीनने पहिलं वर्ष त्याच मोठ्या वसतिगृहात काढलं होतं. तिला तिथे कुणी त्रास दिला नाही. त्रास होता तो एवढाच की तिथल्या गोऱ्या मुली तिला आपल्यातलीच समजत. काळ्या मुलांविषयी जे काही मनात येई ते त्या तिच्यासमोर खुशाल बोलत आणि हसता हसता तिच्या पाठीवर थाप मारत. एकदा ती म्हणाली, "माझे वडील काळे आहेत." त्या अजूनच हसल्या. पुन्हा तिथे जाण्यापेक्षा कॉलेज सोडलेलं बरं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

रविवारी ती सकाळीच गावात गेली. दुपारी परतली ती ल्यूथरला घेऊन. तो साठी उलटलेला, उंच, काळाभोर माणूस होता. अंगात चर्चचा तपकिरी सूट. दोघं फाटकाशी जरा वेळ हळू आवाजात बोलत उभी राहिली, मग आत आली. दारातच त्याने टोपी काढून हातात घेतली.

"माझे डॅडी," कोरीन म्हणाली. तिचा आवाज कापला, पण खुर्च्या सरकवण्याच्या गडबडीत तो कुणाच्या लक्षात आला नसावा.

तळलेली कोंबडी फिरली, मक्याचा पाव फिरला. ल्यूथर सावकाश खात होता.

"मिस्टर ल्यूथर, लहानपणी कशी होती हो ही?" रोशेलने विचारलं.

ल्यूथरने तोंडातला घास संपवला. "पोरं असतात तशीच. बोलायची कमी, बघायची जास्त."

"मग काही बदल नाही म्हणायचा."

टेरेन्सला गप्प बसवेना. घरातला विदूषक तोच. "सर, राग मानू नका, पण हिला धुताना पाण्यात ब्लीच जरा जास्तच पडलं का?"

टेबलावर हशा उसळला. कोरीनने मान खाली घातली. ल्यूथरही हसला, अगदी मनापासून.

"टेरेन्स, तोंड आवर," रोशेल म्हणाली. मग रीतीप्रमाणे तिने पाहुण्याला विचारलं, "तुमची माणसं कुठली, मिस्टर ल्यूथर?"

हा प्रश्न प्रत्येक पाहुण्याला विचारत, आणि पाहुणा उभा राहून उत्तर देई. ल्यूथर उठला.

"आम्ही मिसिसिपीचे, नदीकाठचे. आजोबा एझेकिएल, सुतार. आजी ऑफेलिया, सुईण. आसपासची निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली." तो जरा थांबला. "आजीला एक बहीण होती, लव्हिनिया. या पोरीपेक्षाही गोरी. गोरी म्हणवून ती आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यातून प्रवास करायची. एकदा स्टेशनात आजीने तिला हाक मारली. लव्हिनियाने वळून पाहिलं आणि म्हणाली, बाई, मी तुम्हाला ओळखत नाही."

ल्यूथरने कोरीनकडे बोट केलं.

"हिलाही तसं जाता आलं असतं. कुणी अडवलं नसतं. ती उलटी तुमच्याकडे आली." तो खाली बसला. "आणि ओळख दाखवत नाही आहात ते तुम्ही."

टेरेन्स पावाचे तुकडे करत राहिला. मग तो म्हणाला, "सॉरी, कोरीन."

रोशेल उठली. काही न विचारता तिने कोरीनच्या ताटात भाजी वाढली, वर कोंबडीचा मोठा तुकडा ठेवला. "खा. हाडं दिसतायत नुसती." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डेनीससाठी माझ्या खोलीत एक खाट टाकू. बैठकीत तेवढंच ठरवायचं. दुसरं काही नाही."

उन्हं उतरताना कोरीन ल्यूथरला बसच्या थांब्यावर सोडायला गेली. टेरेन्सने बांधून दिलेलं जेवण त्याच्या हातात होतं. वारा बोचरा होता. दोघं बाकावर बसली.

"लव्हिनियाचं जरा जास्त झालं का?" ल्यूथरने विचारलं.

"नाही," कोरीन म्हणाली. "मी कधी विसरणार नाही तिला."

"नावं सगळी खरी सांगितली मी." ल्यूथरने टोपी डोक्यावर चढवली. "ठेव तुझ्याकडे. मला मूलबाळ नाही. माझ्याकडे नुसतीच पडून होती."

वळणावर बस दिसली. तो उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही असा क्षणभर घोटाळला, आणि मग ठेवला.

"एक सांग, पोरी. आज सकाळी चर्चमधून एवढी माणसं बाहेर पडत होती. त्यातून मलाच का विचारलंस?"

"तुमचे कान," कोरीन म्हणाली. "माझ्यासारखे वाटले. वडिलांना मी कधी पाहिलं नाही. लहानपणापासून सगळ्यांचेच कान बघते."