रंगांचा कान

"कान नाही, नजर लिहा," संपादक फोनवर म्हणाले. "चित्रकलेच्या मास्तरांना कान कशाला हवाय?"

"पण बाईंनी कानच लिहिलंय," बेबी म्हणाली. "इल आव्हे लोरेय दे कुलर. त्यांना रंगांचा कान होता."

"अहो, गाण्याचा कान असतो. रंगांचा कुठे ऐकलाय का? उद्या दुपारी छपाई आहे, तोवर बघा काय ते. आणि वडिलांची खूण विसरू नका."

बेबी म्हणजे कुणी पोर नव्हे, चांगली केस पिकायला लागलेली बाई. लहानपणी चिकटलेलं नाव सुटलं नाही, एवढंच. फ्रेंचमधून भाषांतरं करून ती पोट भरायची. या खेपेला हातात आली होती एका चित्रकार बाईंची आत्मकथा. या बाई शाळेत बेबीच्या बाबांकडेच चित्रकला शिकल्या होत्या. तेव्हा त्यांना सगळे बारकी म्हणायचे. पुढे बारकी परदेशी गेली, तिने नाव काढलं, तिकडच्या भाषेत पुस्तक लिहिलं आणि मागच्या वर्षी गेली. म्हणजे विचारायचीही सोय उरली नाही.

अख्ख्या पुस्तकात बाबांवर एक परिच्छेद, आणि त्यातलं नेमकं हेच वाक्य घशात अडकलेलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर बेबीने नजर लिहून मोकळं केलं असतं. पण बाबांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि कौतुकाचा शब्द कधी वाट्याला आला नाही. आता आला होता, तर तो बरोबर उतरायलाच हवा होता.

प्रकाशकांची एक रीत होती. जिवंत माणसाबद्दल मजकूर असला की ते पान त्याला वाचायला द्यायचं. त्याने कडेला हिरव्या पेन्सिलीने खूण केली तर छापायचं, लाल केली तर गाळायचं. पानाबरोबर दोन्ही पेन्सिली यायच्या. बाहेरून दोन्ही काळ्याच, शिसं तेवढं रंगीत.

पान घेऊन बेबी बाहेरच्या खोलीत आली. बाबांचा क्लास चालू होता. निवृत्त होऊन जमाना झाला, पण मुलं यायचीच. बाबा खुर्चीत बसले होते, एका पायात हिरवा मोजा आणि दुसऱ्यात तपकिरी. आई गेल्यापासून त्यांच्या कपड्यांचा असाच आनंदीआनंद होता.

"काय लावलंस?" त्यांनी दोन वेण्यांच्या मुलीला विचारलं.

"हिरवा."

"नुसता हिरवा? भाजी निवडतेयस का? कसा हिरवा?"

"वरती पिवळट, उन्हातल्यासारखा. खाली काळपट." मुलगी थांबली. "सर, खालचा फारच काळा झालाय."

"मग सांगतेस काय, कर की नीट."

बाबांनी चित्राकडे वळूनही पाहिलं नव्हतं. ते डोळे मिटून ऐकत होते. बेबी दारातच थबकली. लहानपणापासून हेच बघत आली होती, पण आज पहिल्यांदा दिसलं. रंग सांगता सांगता मुलं स्वतःच चूक पकडत होती.

"अगं बाई, सापडलं!" ती मोठ्याने म्हणाली.

"तुझं सापडलं, इथली ट्यूबांची रांग कुणी मोडली ते सांग," बाबा कडाडले. "हजारदा सांगितलंय, जिथली ट्यूब तिथेच ठेवायची!" मुलांनी निमूटपणे रांग लावली.

क्लास सुटल्यावर तिने पान आणि दोन्ही पेन्सिली त्यांच्यापुढे ठेवल्या. बाबांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

"कान काढ. नजर लिही."

"तुम्हीसुद्धा? का पण?"

"लोक हसतील."

"हसू देत. बाईंनी लिहिलंय ते मी बदलणार नाही."

"बेबी, हट्ट सोड."

"हट्ट कुणावर गेलाय माझा? आई तर गरीब गाय होती."

बाबा हसले नाहीत. लाल पेन्सिल मागतात की काय, असं बेबीला वाटलं. तरी ती मागे हटली नाही.

"बाबा, ऐका तरी. तुम्ही मुलांना रंग बोलायला लावता. बोलायचं म्हणून ती नीट बघतात. तुमची ही युक्ती बाईंनी बरोबर ओळखली."

"युक्ती," बाबा पुटपुटले. "आणखी काय लिहिलंय?"

"पुढचं वाक्य पलीकडच्या पानावर आहे, ते सोपं आहे. 'मी रंग बघायला शिकले, कारण मला ते सरांना सांगायचे असायचे.'"

बाबांनी चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत राहिले.

"म्हणजे तिला कळलं होतं."

"काय?"

"काही नाही. हुशार होती पोरगी." त्यांचे डोळे भरून आले होते. "राहू दे तुझा कान. ती हिरवी पेन्सिल दे."

बेबीने तोवर संपादकांना फोन लावलाही होता. "समोरच आहेत की दोन्ही, घ्या ना," असं म्हणून ती खिडकीशी गेली. "हॅलो? कानच छापायचा. हो, ऐकलंत ते बरोबर. एक अक्षर बदललंत तर माझं नाव काढून टाका पुस्तकावरून!"

मागे बाबांनी दोन्ही पेन्सिली उचलल्या. टोकं डोळ्यांजवळ नेली. एकदा लेकीच्या पाठीकडे पाहिलं, मग एक ठेवून दिली.

"घे," ते म्हणाले. "चांगली ठसठशीत केलीय. नंतर कुणी म्हणायला नको, मास्तरांनी हिरवी खूण केलीच नाही."

"झाली बघा खूण, आत्ताच केली त्यांनी," बेबी फोनवर ऐटीत म्हणाली.

"हिरवी ना?" संपादकांनी विचारलं.

बेबीने पान खिडकीच्या उजेडात धरलं. बाबा तिच्याकडे बघून समाधानाने हसत होते.

खूण लाल होती.