दहावा कागद

नवरा मेला की दरवर्षी त्या तारखेला त्याच्या फोटोचा कागद चौकातल्या खांबावर चिकटवायचा, ही आमच्या बल्गेरियातली रीत. किरिल गेल्यावर मी ती नऊ वर्षं पाळली, आणि नऊही वर्षं शेजारची रुस्का मला टोकत राहिली.

"अगं नेदा, किती दिवस त्याला कवटाळून बसणार? सोड की आता. जरा रंगीत काही घाल, माणसांत ये."

यंदा मी तिचं ऐकलं. कागद छापलाच नाही. काळा रुमाल पेटीत टाकला, निळा बांधला आणि बेकरीतून गरम बनित्सा आणायला निघाले.

चौकातल्या खांबावर, माझ्या नेहमीच्या जागी, किरिलचा ताजा कागद होता. 'तुझ्याविना दहा वर्षं.' फोटो मी कधीच न पाहिलेला. रुस्काच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली तो हसत बसला होता. खाली उभी राहून रुस्का कागदाचे कोपरे दाबत होती. तिच्या डोक्याला काळा रुमाल होता.

मागे न वळताच ती म्हणाली,



"नऊ वर्षं तू लावलास, नेदा. एकदा तरी मला लावू दे."